बॅकअप रखडतो तो लॉकपाशी

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी कंपनीचा सर्व्हर सांभाळलाय, त्यांना "मॅडम, बॅकअप अजून चालूच आहे" हे वाक्य पाठ असेल. थर्ड शिफ्टचा ऑपरेटर ते सांगतो तेव्हा सात वाजत आलेले असतात. पहिल्या पाळीची बस गेटवर लागलेली असते, डिस्पॅचची पहिली गाडी भरून उभी असते आणि चलनाचा स्क्रीन हलत नसतो. मग मीटिंग बसते, आणि मीटिंगमधून हमखास एकच निष्कर्ष निघतो: टेप ड्राइव्ह जुना झालाय, नवीन मागवा.

आजची पोस्ट या निष्कर्षाबद्दल आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्यापायी कंपन्यांचे पैसे वाया जातात.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सिस्टीम बघते. आमची ईआरपी, म्हणजे खरेदी-स्टॉक-विक्री सगळं सांभाळणारी प्रणाली, चालते ती 'आयबीएम आय' या आयबीएमच्या सिस्टीमवर. प्लँटमध्ये मात्र त्याला अजूनही सगळे एएस फोर हंड्रेडच म्हणतात. १९८८ च्या जूनमध्ये हे मशीन जाहीर झालं. पुढे त्याचं आय सिरीज झालं, सिस्टीम आय झालं, २००८ पासून आयबीएम आय झालं. हार्डवेअर कितीतरी वेळा बदललं, पण तेव्हाचे आरपीजी भाषेतले प्रोग्रॅम आजही चालतात. हिरव्या अक्षरांचा काळा स्क्रीन बघून नवीन पोरं नाक मुरडतात. माझं या मशीनवर मनापासून प्रेम आहे. इतक्या काटेकोरपणे स्वतःचा हिशोब ठेवणारी दुसरी सिस्टीम मी पाहिलेली नाही. बॅकअप का रखडला, हेसुद्धा ती सांगते. फक्त तिला विचारावं लागतं.

आधी टेपचं गणित करून टाकू. एलटीओ-६ प्रकारच्या टेप ड्राइव्हचा वेग कॉम्प्रेशन न धरता सेकंदाला १६० एमबी आहे. ४०० जीबीच्या लायब्ररी (या सिस्टीमचे फोल्डर म्हणा) असतील तर ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालला की साधारण ४२ मिनिटांत काम उरकतं. प्रत्यक्षात डिस्कचा वेग, छोट्या छोट्या ऑब्जेक्टची (फाइल, प्रोग्रॅम अशा वस्तूंची) संख्या हे सगळं धरून दीड तास म्हणा. तरी रात्री एकला लावलेला बॅकअप सकाळी सातपर्यंत का चालावा? उरलेल्या वेळात ड्राइव्ह करतो काय?

काहीच करत नाही. बसून असतो. सर्व्हर रूममध्ये रात्री जाऊन उभं राहिलं तर ते कळतं. टेप फिरण्याचा आवाज नाही, सीपीयू जवळजवळ रिकामा, आणि ॲक्टिव्ह जॉबच्या यादीत सेव्हच्या, म्हणजे बॅकअपच्या, जॉबसमोर स्टेटस दिसतो 'एलसीकेडब्ल्यू', म्हणजे लॉक वेट. कोणीतरी एखादं ऑब्जेक्ट धरून ठेवलेलं असतं आणि बॅकअप ते सुटायची वाट बघत असतो.

किती वाट बघतो, हे बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलंच नसतं. कामं चालू ठेवून बॅकअप घ्यायचा असेल तर सेव्ह-व्हाइल-ॲक्टिव्ह वापरतात. त्याला एक 'सेव्ह ॲक्टिव्ह वेट' नावाचं पॅरामीटर असतं. त्यातला पहिला आकडा ऑब्जेक्टच्या लॉकसाठी किती सेकंद थांबायचं तो, आणि न बदलल्यास तो १२० असतो. दोन मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही दोन मिनिटं अख्ख्या बॅकअपसाठी नाहीत, अडकलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टसाठी आहेत. ३० ऑब्जेक्ट लॉकमध्ये असली तर एक तास गेला. शंभर असली तर तीन तास वीस मिनिटं. आणि दोन मिनिटं थांबूनही लॉक सुटलं नाही, तर ते ऑब्जेक्ट सोडून बॅकअप पुढे जातो. म्हणजे वेळही गेला आणि वस्तूही वाचवली नाही. यावर नवीन टेप ड्राइव्ह काय करणार? तोही तेवढाच वेळ बसून राहील.

आमच्याकडे येणाऱ्या एका व्हेंडरने ड्राइव्हचं कोटेशन आणून ठेवलं होतं. मी साहेबांना म्हटलं, "सर, सही करायच्या आधी मला रात्रीच्या लॉकची यादी काढू द्या." यादी काढायला पैसे लागत नाहीत. 'वर्क ऑब्जेक्ट लॉक' ही कमांड एका ऑब्जेक्टवर चालवली की ते कोणत्या जॉबने धरलंय आणि कोणत्या प्रकारचं लॉक आहे, ते दिसतं. डेटाबेस फाइल असेल तर मेंबरचे (फाइलमधल्या प्रत्यक्ष डेटाच्या भागाचे) लॉक वेगळे बघायचे, कारण खरी ओढाताण तिथेच असते. एकेक ऑब्जेक्ट बघत बसायचं नसेल तर क्यूएसवायएस-टू लायब्ररीत 'ऑब्जेक्ट लॉक इन्फो' नावाचा व्ह्यू आहे. त्यावर साधी एसक्यूएल क्वेरी मारायची आणि बॅकअपच्या वेळात दर पाच मिनिटांनी निकाल एका टेबलात टाकत राहायचं. थोड्या रात्रींचा डेटा जमला की चित्र स्वच्छ होतं. तीच तीच नावं परत परत येतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर माणूस भलत्याच जॉबच्या मागे लागतो. प्रत्येक लॉक बॅकअपला अडवत नाही. मशीन चालू असताना थर्ड शिफ्टचा माणूस प्रॉडक्शन बुकिंग करतोय, म्हणजे फाइल अपडेटसाठी उघडी आहे, तर साध्या सेव्हला ते चालत नाही. पण सेव्ह-व्हाइल-ॲक्टिव्हला डेटाबेसच्या मेंबरवर चेकपॉइंटच्या वेळी (कुठल्या क्षणाचा डेटा उचलायचा ते पक्कं होतं तेव्हा) फक्त शेअर-रीड लॉक पुरतं. म्हणजे रोजचं लिहिणं-वाचणं त्याला आड येत नाही. आड येतं ते एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दुसऱ्या कोणाला हात लावू न देणारं, लॉक. डेटा एरिया (एखाद-दुसरा आकडा ठेवायची छोटी जागा), मेसेज क्यू (आलेले मेसेज जमा होतात ती रांग) अशा वस्तूंचं मात्र वेगळं आहे. तिथे बॅकअपला चेकपॉइंट घेताना शेअर-नो-अपडेट लॉक लागतं, आणि दुसऱ्या कोणी 'बदलायचा हक्क माझा' म्हणून वस्तू धरली असेल तर ते मिळत नाही. त्यामुळे ४० लाख रेकॉर्डची स्टॉक लेजर सहज सुटते आणि अर्ध्या ओळीचा डेटा एरिया अख्ख्या बॅकअपला खिळवून ठेवतो.

यादीत सगळ्यात जास्त गर्दी मेसेज क्यूंची निघाली. प्रत्येक युजरची एक मेसेज क्यू असते, प्रत्येक टर्मिनलची एक असते, आणि युजरच्या क्यू क्यूयूएसआरएसवायएस लायब्ररीत राहतात. माणूस साइन-ऑन झाला आणि त्याची मेसेज डिलिव्हरी नोटिफाय (मेसेज आल्याची फक्त खूण) किंवा ब्रेकवर (मेसेज थेट स्क्रीनवर) असली की क्यू त्याच्या जॉबला बांधली जाते. संध्याकाळी सहाला पर्चेसवाल्यांनी पीसी लॉक केला, डबा उचलला, नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी गेले. इकडे त्यांचं सेशन रात्रभर जिवंत. अकाउंट्स, क्वालिटी, स्टोअर, सगळ्यांचं तेच. अशी प्रत्येक क्यू म्हणजे दोन मिनिटं.

यावर पहिला उपाय सुचतो तो निष्क्रिय सेशन आपोआप बंद करण्याचा. क्यूइनॅक्टआयटीव्ही ही सिस्टीम व्हॅल्यू त्यासाठीच आहे. पण त्यापुढे जॉब 'डिस्कनेक्ट' करायचा असं लावून ठेवलं असेल तर काहीही साधत नाही. डिस्कनेक्ट झालेला जॉब संपलेला नसतो. स्क्रीन जाते, पण लॉक तसेच राहतात. तो जॉब खरा संपतो क्यूडीएससीजॉबआयटीव्ही मध्ये दिलेल्या वेळानंतर, आणि ती वेळ मुळात २४० मिनिटं असते. रात्री साडेनऊला डिस्कनेक्ट झालेलं सेशन एक वाजता, नेमकं बॅकअप सुरू होताना, लॉक धरून बसलेलं असतं. हे बऱ्याच ठिकाणी असंच चालू आहे, एकदा तपासून बघा.

सरसकट जॉब मारायला माझा विरोध आहे. अर्धी एंट्री झालेली असताना, कमिटमेंट कंट्रोल (सगळे बदल एकदम पक्के, नाहीतर सगळे मागे) नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमचा जॉब मारला तर हेडर लिहिला जातो आणि डिटेल राहून जातात. नंतर ते शोधायला अकाउंट्सची दोन माणसं दिवसभर बसतात. आम्ही वेगळी वाट धरली. ऑफिसमधल्या टर्मिनलांची डिव्हाइस नावं एका पद्धतीत बसवली आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सबसिस्टीम, म्हणजे जॉब चालण्याचा वेगळा कप्पा, केली. शॉप फ्लोअर, डिस्पॅच, सिक्युरिटी क्यूइंटर या नेहमीच्या सबसिस्टीममध्येच राहिले, कारण त्यांना रात्र नाही. ऑफिसची सबसिस्टीम रात्री साडेबाराला बंद होते आणि पहाटे साडेपाचला उघडते. बंद करण्याआधी पंधरा मिनिटं सगळ्या ऑफिस टर्मिनलांवर ब्रेक मेसेज जातो: काम सेव्ह करून बाहेर पडा. मग कंट्रोल्ड पद्धतीने, वेळ देऊन, सबसिस्टीम बंद. मेसेज क्यूंची रांग तिथेच संपली. ज्या थोड्या शॉप फ्लोअरच्या क्यू उरल्या, त्या सेव्हमधून वगळल्या. रात्रीचा मेसेज उद्या परत मिळाला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. क्यू पुन्हा बनवता येते.

आता त्या डेटा एरियाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्याबद्दल.

आमच्या विक्रीच्या इन्व्हॉइसची नंबर सिरीज एका डेटा एरियात आहे. डेटा एरिया म्हणजे सिस्टीममधली छोटीशी चिठ्ठी. जास्तीत जास्त २००० अक्षरं मावतात, आमच्यात तर दोन-चार आकडेच आहेत: आर्थिक वर्ष, प्लँटचा कोड आणि शेवटचा नंबर. लॉकच्या यादीत हा डेटा एरिया रोज रात्री दिसायचा. धरणारा जॉब डिस्पॅचचा. आणि बॅकअपच्या लॉगमध्ये रोज त्याच्या नावापुढे 'सेव्ह झालं नाही' असं असायचं. आधीच्या एका ऑडिटच्या फाइलमध्ये कोणीतरी त्यावर 'किरकोळ' असा शेरा मारून ठेवला होता.

याला किरकोळ म्हणता येणार नाही. समजा डिस्क गेली आणि आदल्या रात्रीच्या टेपवरून सगळं परत आणलं. इन्व्हॉइसची फाइल रात्रीपर्यंतची आली, पण नंबरचा डेटा एरिया आला तो गेल्या महिन्यातल्या फुल बॅकअपचा. सकाळी पहिलं चलन काढलं की सिस्टीम महिन्यापूर्वीचा नंबर देणार. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे इन्व्हॉइस नंबर सलग हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला हवा. ई-इन्व्हॉइसला तर पोर्टलवरच अडेल, कारण आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा संदर्भ क्रमांक, बनतो तोच जीएसटीआयएन, डॉक्युमेंटचा प्रकार, त्याचा नंबर आणि आर्थिक वर्ष यांच्यावरून. गाड्या भरून उभ्या आणि एकही इन्व्हॉइस निघत नाही! टीबीभर डेटा सुखरूप परत आलेला असताना, दोन-चार आकड्यांसाठी प्लँट बंद. बॅकअप लवकर संपण्यापेक्षा तो पूर्ण असणं महत्त्वाचं, हे मी याच डेटा एरियाकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगते.

प्रोग्रॅम उघडून बघितला. चलनाचा स्क्रीन उघडल्याबरोबर तो डेटा एरिया लॉक करून वाचायचा, पुढचा नंबर स्क्रीनवर वर उजव्या कोपऱ्यात दाखवायचा, आणि ऑपरेटरने सगळ्या ओळी भरून एंटर मारल्यावरच नंबर वाढवून लॉक सोडायचा. मध्ये ऑपरेटर चहाला गेला, ड्रायव्हरशी वाद घालत बसला, वजनकाट्यावरून चिठ्ठी यायची वाट बघत राहिला, तरी लॉक त्याच्याच हातात. रात्री डिस्पॅचचा स्क्रीन कायम उघडा असतो, म्हणून लॉकही कायमचं. शेजारच्या टर्मिनलवर दुसरं चलन काढता यायचं नाही. डिस्पॅचची माणसं त्याला 'सिस्टीम स्लो आहे' म्हणायची, आणि ही तक्रार वर्षानुवर्षं नेटवर्कच्या नावावर जमा होती.

दुरुस्ती आरपीजीच्या मोजक्या ओळींची. स्क्रीन भरून झाला, तपासणी झाली, की त्यानंतरच डेटा एरिया लॉक करा, नंबर घ्या, एकने वाढवा, लिहा, सोडा. एवढ्यात सेकंदसुद्धा जात नाही. आमच्या प्रोग्रॅमरने जेवणाआधी करून दिलं.

पण डिस्पॅचच्या काकांना ते मान्य होईना. "ताई, नंबर आधी दिसला नाही तर गेटपासवर काय लिहू?" त्यांचं बरोबर होतं. ते स्क्रीनवरचा नंबर बघून हाताने गेटपास भरत, एकीकडे गाडी भरली जात असतानाच. इन्व्हॉइस निघेपर्यंत गेटपास तयार, गाडी दोन मिनिटं लवकर बाहेर. ही सोय आम्ही काढून घेत होतो. म्हणून गेटपासही त्याच प्रिंटमध्ये आणला. एंटर मारलं की इन्व्हॉइसच्या प्रतींमागोमाग गेटपास छापून येतो, नंबर, गाडी नंबर, पेट्यांची संख्या, सगळ्यासकट. काकांनी आठवडाभर दोन्ही केलं, छापील आणि हाताने लिहिलेला, दोन्ही जुळवून बघितले. मग हाताचं पुस्तक कपाटात गेलं. लॉक सोडवायचं म्हणजे नुसती कमांड मारायची नसते. ते कोणाच्या कुठल्या गरजेतून लागलंय हे त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन बघावं लागतं. हे काम सर्व्हर रूममध्ये बसून होत नाही.

तिसरा प्रकार अपुऱ्या ट्रान्झॅक्शनचा. ज्या फाइल कमिटमेंट कंट्रोलखाली आहेत, त्यांच्यासाठी सेव्हला अशी घडी लागते की सगळे बदल एकतर कमिट झालेत किंवा मागे घेतलेत. मध्येच लोंबकळणारं काही असेल तर बॅकअप थांबतो. आमच्याकडे रेट रिव्हिजनचं एक अपलोड टूल आहे. कोणीतरी संध्याकाळी रेट चढवायचं, एरर यायची, आणि विंडो तशीच ठेवून निघून जायचं. कमिटही नाही, रोलबॅकही नाही. शोधायला त्रास होतो, कारण बाहेरून ओडीबीसीने आलेली सगळी कनेक्शन एकाच नावाच्या जॉबमध्ये, क्यूझेडडीएएसओइनिटमध्ये, दिसतात आणि जॉबचा युजर सगळीकडे क्यूयूजर. खरा माणूस कोण, हे जॉबच्या आत 'करंट युजर' बघितल्यावर कळतं. 'वर्क कमिटमेंट डेफिनिशन' कमांडने कोणाचे बदल लोंबकळतायत तेही दिसतं. टूल लिहिणाऱ्यांना सांगून एरर आली की रोलबॅक करायला लावलं, झालं.

यावर एक आडवाट आहे. सेव्हला सांगता येतं की कमिटची सीमा बघू नकोस, आहे तसं उचल. वेळ वाचतो. पण असं उचललेलं ऑब्जेक्ट अर्धवट ट्रान्झॅक्शनसकट टेपवर जातं, आणि परत आणल्यावर जर्नलमधले (बदलांच्या नोंदवहीतले) बदल लावल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय ते वापरताच येत नाही. जर्नल नीट ठेवणारी, आणि ते लावायचा सराव असलेली टीम असेल तर ठीक. पहाटे तीनला घाबरलेल्या एकट्या ऑपरेटरच्या हातात ही गोष्ट देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ते १२० सेकंद? ते मी सगळ्यात शेवटी बदलले. सगळीकडे सल्ला असा मिळतो की आकडा शून्य करा, बॅकअप पळायला लागेल. पळेल की. लॉक दिसलं की सोडून देत पळेल. टेपवर भोकं पडतील आणि सकाळी सगळे खूश, की आज पाचलाच संपला. आधी लॉकची कारणं दूर करायची, ज्या वस्तू परत बनवता येतात त्या नाव घेऊन वगळायच्या, आणि मग लायब्ररीनुसार आकडा ठरवायचा. जिथे हरवलं तरी चालेल तिथे अगदी कमी. जिथे इन्व्हॉइस, स्टॉक, पगार आहे तिथे उलट जास्त ठेवलाय मी, कारण तिथे आता लॉक लागलं तर ते क्षणभराचं असतं, आणि त्या क्षणासाठी थांबणं योग्यच आहे.

रोज सकाळी न सेव्ह झालेल्या ऑब्जेक्टची यादी कोणीतरी डोळ्यांनी वाचलीच पाहिजे. सीपीएफ ३७७१ असा मेसेज येतो: इतकी ऑब्जेक्ट सेव्ह झाली, इतकी नाही. पुष्कळ ठिकाणी रात्रीच्या सीएल (सिस्टीमच्या कमांडच्या भाषेतल्या) प्रोग्रॅममध्ये हा मेसेज 'मॉनिटर' करून गिळून टाकलेला असतो, म्हणजे जॉब नेहमी यशस्वीच दिसतो. तुमच्याकडे असं असेल तर आजच काढून टाका.

छोट्या ऑफिसांतून मला विचारणा येते की आमच्याकडे विंडोज आहे, आम्हाला याचा काय उपयोग. जात तीच आहे. मार्केट यार्डातल्या किंवा टिळक रोडवरच्या कितीतरी ऑफिसांत रात्री विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने दुसऱ्या डिस्कवर कॉपी होते. फाइल उघडी असल्यामुळे कॉपी झाली नाही तर रोबोकॉपी पुन्हा प्रयत्न करतो. किती वेळा? काही न सांगितल्यास १० लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. अकाउंटंटने अशी एक फाइल उघडी ठेवली की बॅकअप जन्मभर तिथेच. प्रयत्नांची संख्या आणि थांबण्याची वेळ दोन्ही स्वतः द्या, दोन-तीन प्रयत्न पुरे. त्याहून चांगलं म्हणजे शॅडो कॉपी वापरणारं बॅकअप सॉफ्टवेअर घ्या, ते उघड्या फाइलचीही त्या क्षणाची प्रत घेतं. आणि चालू एसक्यूएल सर्व्हरच्या फाइल थेट कॉपी करायचा प्रयत्न करू नका. त्याची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती लॉकमध्ये अडकत नाही.

आमच्या प्लँटला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. महिन्यातल्या एका गुरुवारी सगळ्या सबसिस्टीम बंद करून सेव्ह मेनूचा २१ नंबरचा पर्याय लावतो, म्हणजे अख्खी सिस्टीम टेपवर. तेव्हा कोणाचंच लॉक नसतं. रोजच्या बॅकअपमधून जे काही जाणूनबुजून वगळलंय त्याची प्रत निदान महिन्याला एकदा मिळते. खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा सर्व्हरच्या रॅकलाही झेंडूचा हार घालतात, आणि त्या सुट्टीत मी टेपवरून काही लायब्ररी वेगळ्या नावाने परत आणून उघडून बघते. इन्व्हॉइस नंबरचा डेटा एरिया त्यात पहिला.

एक लॉक अजून सुटायचंय. प्लॅनिंगचा एमआरपी (कोणता माल किती आणि कधी लागेल याचा हिशोब) रात्री दीडला लागतो, आणि सुरुवातीलाच आपल्या वर्क फाइल रिकाम्या करायला त्या एक्सक्लुझिव्ह धरतो. बॅकअप एकला लागतो. ज्या रात्री चेकपॉइंट लांबतो त्या रात्री दोघं समोरासमोर येतात. प्लॅनिंगवाले म्हणतात बॅकअप बाराला घ्या, पण बाराला पाळी बदलते, दुसऱ्या पाळीच्या बुकिंगची घाई तेव्हाच असते. घड्याळाचे काटे पुढेमागे करून हे सुटणार नाही. सेव्हला एक मेसेज क्यू देता येते. चेकपॉइंट पूर्ण झाला की तो तिथे मेसेज टाकतो, मग टेप अजून लिहीत असली तरी कामं मोकळी झालेली असतात. तो मेसेज आला की एमआरपी सबमिट करायचा, असा छोटा सीएल प्रोग्रॅम लिहून झालाय. वर्क फाइलही वेगळ्या लायब्ररीत हलवतोय, ती रोजच्या सेव्हमध्ये नसेल. टेस्ट लायब्ररीवर नीट चाललं. प्लॅनिंगच्या मॅनेजरांना महिनाअखेर सरेपर्यंत हात लावायला नकोय, म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी लाइव्ह करतोय.